मीलवर्मचे ट्रे, इंदूर: होळी ते गणपती

होळी उलटल्यावर

मीलवर्म म्हणजे एका भुंगेऱ्याची पिवळी अळी. मी त्या घरी खाण्यासाठी पाळते. ट्रेची मांडणी आता पक्की झाली. वरच्या ट्रेचा तळ कापून त्याला जाळी लावली आहे. त्यात भुंगेरे. त्यांची अंडी कोंड्यासोबत खालच्या ट्रेमध्ये गळतात आणि तिथेच फुटतात. कोष वेचून तिसऱ्या ट्रेमध्ये, कारण कोष हलत नाही, पळत नाही, आणि भुंगेऱ्यांना काय, आयतं ताट. स्वतःची अंडीही ते सोडत नाहीत. एक मादी दोन-तीनशे अंडी सहज घालते, तेव्हा किती घातली हे मोजत बसू नका, किती वाचली ते बघा.

गव्हाचा कोंडा सियागंजातून आणते. दुकानदार दरवेळी विचारतो, "भाभी, गाय पाळली का?" मी हो म्हणते. घरी आणल्यावर कोंडा आधी डीप फ्रीजरमध्ये जातो, नाहीतर त्याच्यासोबत पोरकिडे आणि पिठातल्या माइट (अगदी सूक्ष्म जीव) फुकटात येतात. पोरकिडे निदान डोळ्यांना दिसतात. माइट दिसतात तेव्हा कोंड्यावर राखाडी धूळ बसल्यासारखी वाटते, आणि ती धूळ चालत असते.

नवीन लोकांसाठी: पक्ष्यांच्या आणि माशांच्या खाद्याच्या दुकानातून आणलेल्या अळ्या खायच्या नाहीत. त्या कशावर वाढवल्या हे कुणीच सांगत नाही. त्यांचे भुंगेरे होऊ द्या, आणि आपल्या कोंड्यावर जन्मलेली पिढी ताटात घ्या. भुंगेरेही खायचे नाहीत. डिवचले की ते क्विनोन नावाची उग्र रसायनं सोडतात. तो औषधी वास हाताला लागला की साबणानेही लवकर जात नाही, आणि तोंडात तो कुणाला हवा असेल असं वाटत नाही.

मे

या महिन्यात छंद म्हणजे नुसती राखण. मीलवर्मला २५ ते २८ अंश मानवतात आणि दुपारी इंदूर चाळिशीच्या पुढे. पण खोलीतला थर्मामीटर निम्मंच खरं सांगतो. गर्दीतल्या अळ्या स्वतः ऊब तयार करतात. कोंड्यात हात घातला की कळतं: वरचा थर कोमट, मधला चक्क गरम, आणि बोटांभोवती सगळं वळवळतंय. म्हणून उन्हाळ्यात एका ट्रेचा माल दोन ट्रेमध्ये पसरते, कोंडा दोन बोटांपेक्षा जाड ठेवत नाही, आणि रॅक जिन्याखालच्या खोलीत. कूलर नाही! त्याच्या ओलाव्याने बुरशी धरते. माळव्यातल्या रात्री गार असतात. खिडकी रात्री उघडायची, सकाळी बंद करायची, एवढ्याने बरंच भागतं.

पाणी वाटीत ठेवायचं नसतं, ते गाजरातून मिळतं. मेमध्ये सकाळची चकती दुपारपर्यंत चामड्यासारखी होते, म्हणून संध्याकाळी पुन्हा घालते.

शेजारच्या वहिनी मोठ्या उत्साहाने ओल्या कचऱ्याची बादली घेऊन आल्या. स्वच्छतेत पहिला नंबर काढणारं आमचं शहर, त्यामुळे सालं दिसली की कुणालाही काहीतरी योजना सुचतेच. पण हा किडा कोरड्या धान्याचा. ओल्या कचऱ्याचं काम ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळीचं, आणि ती माझ्या घरात येणार नाही.

श्रावण लागायच्या आधी

पहिली खरी काढणी. माझं मत आता असं की चव शेवटच्या दोन दिवसांत ठरते, मसाल्यात नाही. अळ्या चाळून कोंड्याविना ठेवल्या की पोट रिकामं होतं. किमान चोवीस तास, मी दोन दिवस देते. चाळणीतच ठेवायच्या, म्हणजे विष्ठा खाली पडते (ती तुळशीला). ज्यांचं पोट साफ केलं नव्हतं त्या मागच्या खेपेच्या अळ्यांना शिळ्या कणकेचा वास होता. या खेपेला तो नाही. उपास सुरू होण्याआधी आठवडाभर गाजर जास्त दिलं होतं, त्यामुळे किंचित गोडवा आला असं मला वाटतं. नवऱ्याला वाटत नाही.

मग फ्रीजर, मग धुणं, मग उकळत्या पाण्यात काही मिनिटं. उकळणं टाळू नका. जंतूंसाठी तर आहेच, पण कच्च्या अळ्या वाटल्या तर एन्झाइममुळे वाटण बघता बघता काळं पडतं. उकळल्यावर ते एन्झाइम निकामी होतं आणि रंग पिवळसर राहतो. एक सावधगिरी: काही जंतूंचे बीजाणू उकळूनही टिकतात, म्हणून उकळलेल्या अळ्या ओट्यावर ठेवून गप्पा मारायला जायचं नाही. लगेच वाळवायच्या किंवा लगेच गार करायच्या.

वाळवण ओव्हनमध्ये, मंद आचेवर. दोन बोटांत धरून मोडली की कट्‌कन तुटली पाहिजे. वाकली तर अजून ओल आहे. भाजल्यावर वास अगदी खरपूस शेंगदाण्याचा. ट्रेमध्ये अधूनमधून एखादी पांढरीशुभ्र अळी दिसते, नुकतीच कात टाकलेली. काही तासांत तीही पिवळी होते. तेवढ्या वेळात वेचता आली तर वेचाच: साल लागतच नाही, आत लोण्यासारखी. पण वाटीभर जमवायचं म्हणजे दिवस त्यातच जाईल.

पूड करून पोळीच्या कणकेत लपवणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. लपवायचंच असेल तर पाळायच्या कशाला? अख्ख्याच भाजा, वर जीरावन (पोह्यांवर भुरभुरतात तो इंदुरी मसाला) आणि लिंबू.

सासूबाईंनी बाजूला बसून सगळं पाहिलं आणि एकच विचारलं, "अगं, हे चातुर्मासात चालेल का?" मी म्हटलं, "आई, हा मांसाहारच धरायचा." त्यावर त्यांनी चकचकीत गोळ्या-चॉकलेटांवरच्या लाखेचं काय, असा प्रतिप्रश्न टाकला. लाख किड्याचीच. लाखेचा क्रमांक E904 आणि किड्यापासूनचा लाल रंग E120 पाकिटांवर शोधण्याचा त्यांना आता नादच लागला आहे. माल मात्र श्रावणभर फ्रीजरमध्ये, आणि कढई वेगळी.

प्रथिनांबद्दल, एकदाच

वाळलेल्या मीलवर्ममध्ये निम्मी प्रथिनं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तो आकडा नायट्रोजनला ६.२५ ने गुणून काढतात. पण अळीच्या सालीतल्या कायटिन या कडक पदार्थामध्येही नायट्रोजन असतो आणि तो प्रथिनांत मोजला जातो. २०१७ च्या एका अभ्यासात अख्ख्या अळीसाठी ४.७६ हा गुणक सुचवला आहे. तो घेतला तर पन्नासचे अडतीस होतात. तरीही उत्तम, पण जाहिरातीएवढं नाही.

गणपती विसर्जनानंतर

पातळ पोह्यांचा चिवडा: शेंगदाणे निम्मे, उरलेल्या जागी अळ्या. फोडणीत नाही घालायच्या, जळतात आणि कडू होतात. सगळा चिवडा गार झाल्यावर वरून मिसळायच्या. साखर नेहमीपेक्षा कमी, जीरावन जास्त. दुसऱ्या दिवशी चव बसते, पण अळ्या मऊ पडू लागतात, म्हणून घाणा लहान काढायचा.

मित्राने छत्तीसगडमधल्या जगदलपूरहून चापडा आणला होता, लाल मुंग्यांची चटणी. आंबटपणा मुंग्यांच्या फॉर्मिक अ‍ॅसिडचा, लिंबापेक्षा तिखट टोकाचा. चमचाभर चिवड्यावर घालून पाहिली. ओली चटणी आणि कुरकुरीत पोहे जमत नाहीत, भाकरीबरोबर मात्र संपली. ओडिशातल्या मयूरभंजच्या काई चटणीला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, मुंगी तीच.

दिवाळीत डबे वाटायचे आहेत, आणि त्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिणार आहे. कोळंबीतलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन किड्यांतही असतं. ज्यांना कोळंबी-खेकडा किंवा घरातल्या धुळीतल्या माइटची अ‍ॅलर्जी आहे, त्यांना मीलवर्मही बाधू शकते. युरोपीय संघाने २०२१ मध्ये वाळवलेल्या पिवळ्या मीलवर्मला अन्न म्हणून मान्यता देताना लेबलवर हा इशारा सक्तीचा केला. माझ्या भाचीला कोळंबीने ओठ सुजतात. तिचा चिवडा साधा, वेगळ्या कढईतला, आणि डब्यालाही हिरवं झाकण.