सायरन एकसुरी वाजतोय? आधी दोन्ही भाग वेगळे करा

चार ट्रान्झिस्टरच्या सायरनमध्ये दोन ऑसिलेटर (आपोआप चालू-बंद होत राहणारे भाग) असतात. पहिला संथ, तो सूर वरखाली करतो. दुसरा प्रत्यक्ष आवाज काढतो. बिघाड कोणत्या भागात आहे हे न पाहता एकेक पार्ट बदलत बसलात तर चांगले पार्टही सोल्डरिंगच्या उष्णतेने जातात.

इथे धरलेलं सर्किट असं आहे. संथ भागात दोन बीसी ५४७ ट्रान्झिस्टर (त्याचे तीन पाय: कलेक्टर, बेस, एमिटर), कलेक्टरला १ के (के म्हणजे किलोओहमचा रेझिस्टर), बेसला ४७ के आणि ४७ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर. एका कलेक्टरवरून १० के रेझिस्टर निघतो, तो ४७ मायक्रोफॅरडच्या तिसऱ्या कपॅसिटरला चार्ज करतो. तिथून ४७ के तिसऱ्या बीसी ५४७ च्या बेसला. त्याचा कलेक्टर २२० ओहममधून चौथ्या ट्रान्झिस्टरच्या, म्हणजे बीडी १४० च्या बेसला, बीडी १४० चा एमिटर प्लसला, कलेक्टर आणि ग्राउंडमध्ये (म्हणजे सप्लायच्या मायनसमध्ये) ८ ओहमचा स्पीकर. बीडी १४० च्याच कलेक्टरवरून तिसऱ्या ट्रान्झिस्टरच्या बेसवर ०.०२२ मायक्रोफॅरडचा फीडबॅक कपॅसिटर, जो सिग्नल परत मागे नेतो. सप्लाय ६ व्होल्ट, म्हणजे चार पेन्सिल सेल.

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी मुद्दामच घेतलेली नाही. स्पीकर ओढतो तेवढा करंट तिला झेपत नाही, व्होल्टेज कोसळतं आणि संथ भागही अडखळतो. शिवाय संथ भागात ट्रान्झिस्टर बंद होताना बेस जवळजवळ सप्लायइतका उणे जातो. बीसी ५४७ च्या बेस-एमिटर जंक्शनची उलट मर्यादा ६ व्होल्ट. ९ व्होल्टवर ती ओलांडली जाते, वेळ चुकते आणि ट्रान्झिस्टरचा गेन (करंट वाढवण्याची ताकद) हळूहळू उतरतो. सप्लायवर ४७० मायक्रोफॅरड मात्र लावाच.

आता त्या १० केचा संथ भागाकडचा पाय सुटा करा आणि तो प्लसला टेकवा. सूर चढत जाऊन वर स्थिरावला, ग्राउंडला टेकवल्यावर खाली आला, तर आवाजाचा भाग ठणठणीत आहे. खाली येता येता आवाज बंदच पडत असेल तर प्लसपासून तिसऱ्या बेसला २२० के जोडा, म्हणजे खालचा सूर टिकून राहतो.

आवाजच नाही आणि बीडी १४० चटका लागेल इतका तापतोय, तर लगेच सप्लाय काढा, नाहीतर स्पीकरची कॉइल जळेल. बहुतेक वेळा तिसऱ्या बेसच्या ४७ केच्या जागी ४.७ के लागलेला असतो. त्यावरचे रंगपट्टे पिवळा-जांभळा-नारिंगी हवेत, पिवळा-जांभळा-लाल नव्हे. ट्यूबलाइटच्या उजेडात हे दोन रंग फसवतात. बेसला जास्त करंट मिळाला की ट्रान्झिस्टर चालू अवस्थेतच अडकतो. नुसती टकटक येत असेल तर फीडबॅकच्या कपॅसिटरवरचा आकडा वाचा: २२३ हवा. २२४ म्हणजे दहापट मोठा.

बीडी १४० ऐवजी बीसी ५५७ लावू नका. त्याची मर्यादा १०० मिलिअँपिअर, इथे क्षणिक करंट अर्ध्या अँपिअरच्या वर जातो. दुकानदाराने बीसी ५४७ ऐवजी बीसी ५४८ दिला तर खुशाल घ्या. पण २एन ३९०४ चे पाय उलटे असतात: सपाट बाजू समोर आणि पाय खाली धरले तर बीसी ५४७ ला डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर, २एन ३९०४ ला एमिटर, बेस, कलेक्टर. बीडी १४० ची छापील बाजू समोर धरली तर एमिटर, कलेक्टर, बेस.

संथ भागासाठी मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून दोन्ही कलेक्टर पाहा. साधारण दीड-दीड सेकंदाने ते आलटून पालटून वरखाली व्हायला हवेत. दोन्ही शून्याजवळ अडकले असतील तर एका बेसला क्षणभर ग्राउंड करा. सुरू झाला तर सप्लाय हळू चढत होता, नाहीतर एखादा कपॅसिटर सुटलेला आहे. एक वर, एक खाली आणि हलतच नसेल तर कपॅसिटर शॉर्ट किंवा उलटा लागलाय. प्लस पाय कलेक्टरकडेच हवा.

दोन्ही भाग चालतात, तरी सायरन लहरत नाही? मग तिसरा कपॅसिटर पाहा. तो सुटला असेल तर सूर लहरण्याऐवजी एकदम वर, एकदम खाली उडी मारतो. त्या जागी ४७० मायक्रोफॅरड लागला असेल तर चार्ज व्हायला वेळच पुरत नाही आणि सूर जेमतेम हलतो.