कानाची पाळी ताणायचीय? आधी वर्नियर घ्या

आमच्या मशीन शॉपमध्ये भोक १० एमएमचं आणि त्यात बसवायचा बुश, म्हणजे नळीसारखा तुकडा, १०.०२ चा असला की प्रेसवर ठेवून दाबतात, बसतो. लोखंड सहन करतं. दोन वर्षांपूर्वी मी हेच माझ्या कानाच्या पाळीशी केलं आणि डावा कान ते अजून भोगतोय. आज लिहायला बसलो कारण मागच्या आठवड्यात इथल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्याच एका पोरानं विचारलं, दादा तुमच्यासारखं टनेल (पाळीचं भोक मोठं करून त्यात बसवायचा पोकळ गोल दागिना) घालायचंय, किट आलंय, आज रात्री घालू का. मी म्हटलं थांब, आधी ते किट घेऊन ये माझ्याकडं.

माझं किट पण तसलंच होतं. ऑनलाइन मागवलेलं, ॲक्रिलिकचे काळे टेपर, म्हणजे गाजरासारखे निमुळते दांडे, १४ गेजपासून ०० पर्यंत सगळे एकाच पाकिटात. गेजचा आकडा उतरतो तशी जाडी वाढते हे पत्र्यामुळं मला माहीत होतं. १४ गेज म्हणजे १.६ एमएम, ८ गेज म्हणजे ३.२, आणि ०० म्हणजे जवळजवळ १०. लहानपणी सोनारानं टोचलेलं माझं बारीक भोक १.६ पर्यंत सहज गेलं आणि तिथंच मला वाटलं की आपला कान मऊ आहे, मग मधले १२ आणि १० गेज सोडले आणि साबण लावून थेट ८ चा ढकलला. उजवा गेला. डाव्यात टर्रकन काहीतरी झालं, आग आग झाली, आणि सकाळी आरशात बघितलं तर पाळीच्या मागच्या बाजूला भोकाभोवती लाल कड बाहेर आलेली, ओठासारखी. ह्याला ब्लोआउट म्हणतात. आतली कातडी ताण झेपला नाही की मागनं उलटून बाहेर येते.

नंतर कागदावर हिशेब मांडला, जो आधी मांडायला पाहिजे होता. १.६ च्या भोकाचा घेर ५ एमएम, ३.२ चा १०. म्हणजे एका रात्रीत मी त्या कातडीला दुप्पट व्हायला सांगितलं होतं. तेच १.६, २, २.५, ३.२, ४, ५, ६ असं गेलं तर प्रत्येक वेळी घेर साधारण चौथा हिस्साच वाढतो, कातडीला तेवढं जमतं. ६ वरनं ८ ही उडी मात्र बऱ्याच पाकिटांत सरळ दिलेली असते आणि ती तेहतीस टक्क्यांची आहे, मध्ये ७ घ्याच. आणि पाकिटावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, माझ्या त्या किटातला ३.२ चा टेपर वर्नियरनं, म्हणजे जाडी मोजायच्या आमच्या हत्यारानं, मोजला तर ३.४ निघाला.

कड बाहेर आली त्या दिवशी दुपारी गुजरीत, सराफांच्या पेठेत, आमच्या सोनारकाकांकडं गेलो. त्यांनी कान बघितला आणि एवढंच म्हणाले, पहिलं ते काढ, आणि भोक रिकामं ठेवू नको, बुजंल, जुनी बारीक दांडी घाल. बरोबर तेच करायचं असतं. सूज आली, कड बाहेर आली, रक्त आलं तर मागच्या साइजवर यायचं, मेडिकलमध्ये मिळणारं ०.९ टक्क्याचं सलाइन घेऊन सकाळ-संध्याकाळ धुवायचं, आणि पू झाला, लाली पसरायला लागली किंवा ताप आला तर सरळ डॉक्टर. मी तीन महिने काहीच वाढवलं नाही, सूज पूर्ण गेल्यावर रोज रात्री तेलानं पाळी चोळली, हलक्या हातानं. डाव्याची कड बरीच बसली, पण पूर्ण नाही.

आज्जीनं हे सगळं बघितलं तेव्हा ती रागावेल असं वाटलेलं. ती म्हणाली, आमी काड्या घालत हुतो. पयली एक, आट दिसांनी शेजारी दुसरी. दुखाय लागलं की काढायची, जोर करायचा न्हाई. केरसुणीच्या नाहीतर धाटाच्या काड्या, खोबरेल तेल आणि हळद लावून. काडी आज कुणी घालू नका, तिच्यावर काय असंल सांगता येत नाही, पण तिची पद्धत आणि मी पुढं शिकलो ती पद्धत एकच आहे. हळूहळू, आणि दुखलं की मागं. तिच्या स्वतःच्या कानाकडं मात्र बघवत नाही, वर्षानुवर्षं जड झुबे घालून भोकाची खाली चीर झालीय. वजन फक्त खालच्या बाजूला ओढतं, पाळी तिथंच पातळ होते. म्हणून भोक मोठं करायला जड डूल लटकवणं हा मार्गच नाही.

दुसऱ्यांदा मी असं केलं. एका साइजवर कमीत कमी दोन महिने, ४ च्या पुढं तीन-तीन. दागिना भोकात सैल फिरायला लागला, ओढ अजिबात लागली नाही, मगच पुढचा विचार. गरम पाण्यानं अंघोळ झाल्यावर, हात धुऊन, थोडं जोजोबा तेल लावून. किंचित ताण जाणवला तर चालतं, आग झाली की त्याच क्षणी थांबायचं आणि पंधरा दिवसांनी बघायचं. टेपर वापरलाच तर त्याच्या मागोमाग लगेच प्लग, म्हणजे भोकात बसणारा सरळ जाड दागिना, सरकवायचा, टेपर कानात घालून हिंडायचं नाही. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आपल्या प्लंबरची टेफलॉन टेप, तिला गोंद नसतो. काचेच्या प्लगवर आठवड्याला थोडीशी गुंडाळायची, वर्नियर लावून ०.१ वाढलं की बास. कानाला कळत पण नाही.

मटेरियलबद्दल मी हट्टी आहे. ताणताना काच नाहीतर इम्प्लांट ग्रेड, म्हणजे शरीरात बसवायच्या दर्जाचं टायटॅनियम, एएसटीएम एफ १३६ हा मानकाचा नंबर लिहिलेलं. ॲक्रिलिक नको. सिलिकॉन कातडीला धरून बसतं, ते भोक पूर्ण बरं झाल्यावरच. लाकूड, शिंग पण तेव्हाच. प्लग सिंगल फ्लेअर घ्या, एका बाजूला कड आणि दुसरीकडं रबरी रिंग, दोन्हीकडं कड असलेला घातला की ती कड आत जातानाच मापापेक्षा जास्त ताणते. आणि आपल्या फिरकीच्या सोन्याच्या दांडीला बाहेरनं आटे असतात, नुकत्याच ताणलेल्या भोकातनं ती ओढली की आतनं ओरखडते, लग्नकार्यात घालायचा मोह झाला तरी थांबा.

भोक बरं झालं की रोज प्लग काढून धुवा, मेलेली कातडी आणि तेल साठून वास येतो. शॉपमध्ये माझ्या हाताला कूलंट, म्हणजे मशीनवर गारव्याला सोडतात ते पाणी, लागलेलं असतं, त्या हातानं मी कानाला शिवत नाही. हे सगळं पाळीपुरतंच आहे. भिकबाळी जिथं घालतात तिथं वर कूर्चा असते, तिथं असं काही करू नका. घरात कुणाला टोचल्यावर गाठी येत असतील तर आधी त्वचेच्या डॉक्टरांना विचारा. आणि ८-१० एमएमच्या पुढं गेलं की प्रत्येकाचं भोक परत बारीक होईलच असं नाही, काहींना टाके घालून बंद करावं लागतं, त्यामुळं आईवडिलांशी आधी बोला. मी बोललो नव्हतो आणि आई दोन दिवस जेवायला वाढून आत निघून जायची.

त्या पोराचं किट माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. त्याला १.६ ची टायटॅनियम दांडी दिलीय आणि दिवाळीनंतर ये म्हणालोय. माझा उजवा आता ६ वर आहे, डावा ५ वर, आणि मी डाव्याला अजिबात घाई करालो नाही.