शिरोळचा पूर आणि सीमेपलीकडचा फोन: माझा अनुभव

नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते आणि राजापूरचा बंधारा ओलांडला की थोड्याच अंतरावर कर्नाटक. त्यामुळे शिरोळ तालुक्यात पूरनियंत्रणाचं काम करायचं म्हणजे पलीकडच्या पूरनियंत्रण कक्षाशी सारखं बोलणं आलंच. पावसाळ्याआधी दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांची बैठक होते. तिथून घ्यायची खरी वस्तू म्हणजे फोनची यादी. साहेबांचा मोबाइल नंबर बदलीबरोबर जातो, म्हणून कक्षाचा नंबर घ्यावा आणि जून उजाडायच्या आत रात्री एकदा लावून बघावा. दिवसा कोणीही उचलतं.

"पाणी सोडलंय" हा निरोप काही कामाचा नाही. धरण कोणतं, किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट), किती वाजल्यापासून, आधी किती होतं आणि दरवाज्यातून की फक्त वीजगृहातून, एवढं तरी हवं. राधानगरी धरणाचे सातही दरवाजे स्वयंचलित; पाणी चढलं की आपोआप उघडतात. म्हणून तिथं दरवाजा उघडल्याच्या फोनची वाट बघत बसू नये, तलावाची पातळी आधीपासून तासातासाला विचारत राहावं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पातळीत. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा 39 फूट आणि धोका 43. सांगलीला कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर 40 आणि 45. प्रत्येक ठिकाणचं शून्य वेगळं, त्यामुळे राजारामच्या 43 आणि आयर्विनच्या 43 चा एकमेकांशी संबंध नाही. कृष्णेवरच्याच, पण खाली कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाचा आकडा तर समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये येतो, पूर्ण पातळी 519.60. नुसती पातळी कळून भागत नाही, आवक आणि विसर्ग दोन्ही एकाच वेळचे मागावेत. आवक साधारण साडेअकरा हजार क्युसेकनं जास्त राहिली तर दिवसाला एक टीएमसी (अब्ज घनफूट) साठा वाढतो. अलमट्टीच्या फुगवट्यानं, म्हणजे अडून मागे चढणाऱ्या पाण्यानं, इकडं पूर वाढतो का हा वाद वर्षानुवर्षं चालेल. कक्षात बसलेल्यानं वहीत हे दोन रकाने भरावेत, आणि अलमट्टीच्या अलीकडच्या हिप्परगी बंधाऱ्याचेही.

गाव हलवायचं ते रस्ता कोरडा असतानाच. खिद्रापूरला तिन्ही बाजूंनी कृष्णा आणि सैनिक टाकळीचा रस्ता बुडाला की उरते बोट. बोट उसावरून न्यायची झाली तर पंख्यात पाचट आणि वेल अडकतात, इंजिन तापून बंद पडतं. तेव्हा कोयता आणि वल्ही बोटीतच ठेवायची. खांबावरच्या तारा पाण्याला टेकलेल्या असतात, फीडर (त्या भागाची वीजवाहिनी) बंद झाल्याचं वीज कंपनीकडून कळेपर्यंत त्या बाजूला जायचं नाही. जॅकेट जितकी, माणसं तितकीच. 2019 च्या पुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली, ते या पट्ट्यात कोणाला सांगावं लागत नाही.

माणसं जनावरांशिवाय निघत नाहीत, हे पलीकडच्यांनाही आधी सांगून ठेवावं. सीमेवर जनावरांचा ट्रक अडला की रात्र तिथंच जाते. गाडी निघण्यापूर्वी कानातल्या बिल्ल्यांचे नंबर, मालकाचं नाव आणि छावणीचं ठिकाण लिहिलेला कागद तहसीलच्या शिक्क्यानिशी चालकाकडे द्यायचा, त्याचा फोटो पलीकडच्या कक्षाला पाठवायचा.