मुलं पुटपुटतात, की कान गेलाय?

सत्तरी ओलांडलेला नाटककार तालमीला बसला की दहा मिनिटांत एक वाक्य हमखास येतं: "आजकालची मुलं तोंड उघडून बोलतच नाहीत." कधीकधी ते खरंही असतं. कॅमेऱ्यापुढे वाढलेल्या नटाला माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवणं जड जातंच. पण तक्रार करण्याआधी एक खूण तपासावी. "मोठ्यानं म्हण" म्हटल्यावर नटानं आवाज चढवला, तो तुमच्यापर्यंत दणदणीत पोचला, आणि तरी शब्द कळला नाही, तर दोष नटाच्या जिभेत नाही.

वयानं कान जातो तो सगळा एकदम जात नाही. वरचे सूर आधी जातात. बोलण्यातल्या स्वरांचा जोर साधारण १००० हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली असतो, तो शाबूत राहतो. स, श, थ, फ यांची सळसळ ३०००-४००० हर्ट्झच्या वर, ती पुसट होते. मग 'सात', 'साथ' आणि 'हात' हे तिन्ही 'आत' होऊन कानात शिरतात. गप्पा मारताना संदर्भावरून भागून जातं. नाटकात भागत नाही, कारण आपल्याकडचा निम्मा विनोद एखाद्या व्यंजनाच्या जोरावर उभा असतो. प्रेक्षागृह हसतं आणि ती ओळ ज्यानं लिहिली त्याच माणसाला हशा कशावर आला ते समजत नाही.

आधी कानातला मळ काढून घ्या. चार-पाच दिवस थेंब घालून मग डॉक्टरांकडून. काडी किंवा हेअरपिन नको, मळ आत ढकलला जातो. त्यानंतर ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख. त्या कागदावर आडव्या रेषेत २५० ते ८००० हर्ट्झ असतात, उभ्या रेषेत डेसिबल; लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्या कानाच्या. आलेख उजवीकडे घसरगुंडीसारखा खाली येत असेल तर वर सांगितलेलाच प्रकार. एवढ्यावर उठू नका. शब्द ओळखण्याची चाचणी मागा, आणि ती मराठी शब्दांवर घ्यायला सांगा. यंत्रानं आवाज वाढतो, पण कानाला शब्द सुटा करता येत नसेल तर नुसता आवाज वाढवून फार हाती लागत नाही. हे पैसे भरण्याआधी कळलेलं बरं.

श्रवणयंत्राची चाचणी दुकानाच्या शांत खोलीत सगळ्यांचीच छान होते. खरी परीक्षा तालमीच्या जागी: पत्र्याचं छप्पर, तीन पंखे, फरशीचा प्रतिध्वनी, मागे चहाचे ग्लास गोळा करणारा मुलगा. यंत्र आठवडाभर वापरून बघायला मिळत असेल तर तो आठवडा तालमीचा निवडा. बसायची जागा भिंतीला पाठ लावून, म्हणजे मागचा गलका येत नाही. पंख्याखाली मुळीच नको. पहिले काही आठवडे स्वतःचाच आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो आणि वर्तमानपत्राचा चुरचुराट असह्य होतो. मेंदूला सवय व्हायला महिना-दोन महिने लागतात. बहुतेक यंत्रं याच काळात कपाटात जातात. दिवसाला दोन तासांपासून सुरुवात करून वाढवत न्या, फक्त "गरज पडेल तेव्हा" असं नको.

घरात पेटी वाजवणारे असाल तर आणखी एक गोष्ट मागून घ्यावीच लागते. यंत्रानं शिट्टी मारू नये म्हणून त्यात एक व्यवस्था असते. पेटीचा लांब धरलेला षड्ज तिला शिट्टीच वाटतो, ती तो कापायला धावते, आणि सूर लाटेसारखा हलायला लागतो. माणूस रीड बिघडली म्हणून पेटी दुरुस्तीला पाठवतो! यंत्र बसवणाऱ्याला संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम करायला सांगा, ज्यात ही व्यवस्था आणि गोंगाट कमी करणारी सोय दोन्ही बंद किंवा अगदी मंद असतील. बटणानं बदलता येतो. नाट्यसंगीत ऐकायलाही तोच लावायचा.

बॅटरी बदलण्यात बोटांचा प्रश्न येतो. ३१२ क्रमांकाची (तपकिरी चिकटपट्टीची) बॅटरी वाटाण्याहून लहान, १३ क्रमांकाची (नारिंगी) थोडी मोठी. हात थरथरत असेल तर १३ ची किंवा चार्जिंगची घ्या, यंत्र जरा जाड दिसलं तरी चालेल. चिकटपट्टी काढल्यावर मिनिटभर थांबून मग बॅटरी आत घाला. हवेशी संयोग झाल्यावरच ती पुरती जागी होते, घाई केली तर लवकर संपते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत. तसलीच पुडी पेटीच्या खोक्यातही टाका, दमट हवेत रीडही धरते आणि पट्ट्याही. निळे दाणे गुलाबी झाले की ओल भरली असं समजा. चार्जिंगचं यंत्र मात्र रात्री चार्जरवर असतं, त्याला कोरडं करणारा चार्जर मिळतो का ते विचारा.

डोळ्यांचं थोडक्यात. जवळचा चष्मा साधारण ३५-४० सेंटिमीटरवर धरलेल्या पुस्तकासाठी केलेला असतो. वाचनाच्या स्टँडवरचं किंवा संगणकावरचं अंतर ६०च्या आसपास, तिथे त्यातून धूसर दिसतं, मग मान पुढे जाते आणि महिन्याभरात मानेचं दुखणं सुरू. टेपनं तुमचं अंतर मोजा आणि तो आकडा कागदावर लिहून न्या. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी तर नक्कीच, कारण भिंग एकदा बसलं की बसलं. संहिता १६ ते १८ पॉइंटात, दीड ओळीचं अंतर, कागदाच्या एकाच बाजूला. इंग्रजीला चालतो तो आकार देवनागरीला पुरत नाही, मात्रा आणि जोडाक्षरं एकमेकांत घुसतात. जुन्या संहिता डीटीपीवाल्याकडच्या फाइलींत असतील तर त्या युनिकोडमध्ये आणताना रफार आणि पहिली वेलांटी हमखास चुकीच्या अक्षरावर जाऊन बसतात. तेवढ्या दोन गोष्टींसाठी एक वेगळं वाचन करा.

आता हात. इथे जरा थांबायला हवं, कारण दोन निराळ्या थरथरींना लोक एकच नाव देतात.

चहाचा कप उचलताना, सही करताना हात हलतो आणि मांडीवर ठेवला की शांत होतो, अक्षर मोठं आणि वेडंवाकडं येतं: हा बहुधा साधा कंप. उलट हात मांडीवर असताना हलतो, काम करताना कमी होतो, आणि अक्षर बारीक होत जातं: ही पार्किन्सन्सची चाल असू शकते. घरी करण्यासारखी परीक्षा आहे. कोऱ्या कागदावर एकच वाक्य दहा वेळा एकाखाली एक लिहा, न थांबता. पहिल्या ओळीतलं अक्षर आणि दहाव्या ओळीतलं शेजारी धरा. शिरोरेषा वर चढत गेली असेल आणि अक्षर निम्म्यावर आलं असेल तर तो कागद मज्जाविकारतज्ज्ञाकडे न्या, घरगुती तर्क नकोत. पु. ल. देशपांडे यांना उतारवयात पार्किन्सन्स होता, हे मराठी वाचकाला ठाऊकच आहे.

निदान झाल्यावर लिहिणं थांबत नाही, वेळ बदलते. पार्किन्सन्सवरची लिव्होडोपाची गोळी लागू पडल्यापासून उतरेपर्यंत एक बरा काळ असतो. पंधरा दिवस वहीत गोळीची वेळ आणि हात मोकळा झाल्याची वेळ टिपली की तो काळ सापडतो, लिहायला तोच घ्यायचा, फोन आणि पाहुणे त्यात नकोत. गोळी सहसा जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायला सांगतात, कारण डाळ, दूध, अंडं यांतली प्रथिनं तिच्या आड येतात. "आज गोळीच लागू पडली नाही" या तक्रारीमागे पुष्कळदा वाटीभर उसळ निघते. गोळीच्या वेळा बदलायच्या त्या मात्र डॉक्टरांना विचारूनच.

अक्षर बारीक होत असेल तर शाळेची दुरेघी वही आणा. लाज वाटण्याचं कारण नाही. वरच्या आणि खालच्या रेषेला अक्षर टेकवायचं आहे हे डोळ्यांना दिसत राहिलं की हात ते मोठंच काढतो. कोऱ्या कागदावर तसं होत नाही. पेन जाड, बॉलपेन १ मिलिमीटरचं, टोक फार घसरणारं नको. पातळ पेनावर सायकलच्या हँडलची फोमची नळी चढवली तरी पकड येते.

हात अगदीच चालेना तर फोनवर बोलून लिहिता येतं, मराठीत आता ते बऱ्यापैकी जमतं. नाटकासाठी त्याच्या अडचणी वेगळ्या. पात्राचं नाव, कंस, संवाद सगळं एका ओळीत वाहत जातं, विरामचिन्हं येत नाहीत. उपाय: व्हॉट्सॲपवर स्वतःलाच संदेश पाठवा, एक संवाद म्हणजे एक संदेश, सुरुवातीला पात्राचं नाव. टाइप करणाऱ्याला मग फक्त चिकटवायचं काम उरतं. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी बोलणारं पात्र असेल तर फोनवर भरवसा ठेवू नका, तो 'इलंय'चं भलतंच काहीतरी करतो आणि पात्राची जात, गाव, वय सगळं धुऊन टाकतो. तिथे नुसतं ध्वनिमुद्रण करून ती बोली घरात ऐकलेल्या माणसाकडून उतरवून घ्यावं. आणखी एक धोका कमी जणांच्या ध्यानात येतो. बोलून लिहिलं की सगळी पात्रं लेखकाच्या श्वासाच्या लांबीची वाक्यं बोलायला लागतात. प्रवेश झाला की पात्रांची नावं झाकून वाचा. कोण बोलतंय ते ओळखता आलं नाही तर तो प्रवेश पुन्हा.

निर्मात्यापुढे नाट्यवाचन करायचं तर दोन अंकांना दोन तास धरा. बाजूला कोमट पाणी, दर सात-आठ पानांना दोन घोट, पहिल्या अंकानंतर पंधरा मिनिटं गप्प. घसा कोरडा पडतो तो नुसत्या वयानं नाही, रक्तदाबाच्या, ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही. वाचनाच्या आरंभी आवाज स्वच्छ, अर्ध्या तासानं नाकातून यायला लागतो, पापणी जड होते, आणि विश्रांतीनंतर पुन्हा ठीक, असं वारंवार घडत असेल तर त्याला थकवा म्हणून सोडून देऊ नये. वापरानं स्नायू दमणं आणि विश्रांतीनं सावरणं ही मायस्थेनिया ग्रेव्हिसची खूण आहे. विजय तेंडुलकरांना अखेरच्या काळात हाच आजार होता.

नाव आठवत नाही, शब्द ओठांवर येऊन अडतो. लिहिताना त्या जागी फुली मारून पुढे जा, शब्दासाठी प्रवेश थांबवू नका. पात्रांची नावं, वयं, नाती एका कागदावर लिहून समोर भिंतीला. पण विसरणं काही महिन्यांत वाढलं असेल तर 'वय झालं' म्हणण्याआधी बी-१२ आणि थायरॉइड तपासा. शाकाहारी माणसात आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यात बी-१२ कमी सापडणं नवलाचं नाही, आणि ते भरून काढता येतं.

कागदपत्रांचा कंटाळा सगळ्यांनाच, पण नाटकाची संहिता तपासून प्रयोगाला मंजुरी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाची प्रमाणपत्रं, नाट्यसंस्थांना दिलेल्या प्रयोगाच्या परवानग्या आणि मानधनाचे दर एका फाइलीत घालून ती कुठे आहे ते घरात दोघांना सांगा. लेखकाच्या पश्चात ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतात, आणि परवानगी मागणारा फोन मुलीला किंवा सुनेला येतो तेव्हा तिला दर माहीत नसतो.

राहिला प्रयोगाचा दिवस. रात्री साडेआठचा प्रयोग सुटायला सव्वाअकरा होतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर नेहमीचं जेवण साडेसातच्या आत उरकून जा. गोळी घेतली आणि जेवण प्रयोगानंतर, हा घोटाळा पहिल्या प्रयोगाच्या गडबडीत हटकून होतो. घाम, हात कापणं, चिडचिड सुरू झाली आणि साखर ७०च्या खाली असेल तर पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे सपाट तीन-चार चमचे, पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. मध्यंतरातला बटाटेवडा इथे उपयोगाचा नाही, तेलामुळे साखर चढायला वेळ लागतो. तो आनंदासाठी खावा. प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर खुर्चीतून झटकन उठू नका, डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी पाय हलवा, मग उभे राहा.

खुर्ची कडेची. उजवा कान बरा असेल तर रंगमंचाकडे तोंड केल्यावर डावीकडच्या बाजूला बसा, डावा बरा असेल तर उजवीकडे, म्हणजे चांगला कान मंचाकडे राहतो. मध्यंतरानंतर तिसऱ्या घंटेची वाट न पाहता दुसरीलाच आत. उजेडातून अंधारात आल्यावर म्हाताऱ्या डोळ्यांना सावरायला कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि प्रेक्षागृहाच्या पायऱ्या काही सारख्या उंचीच्या नसतात. शेवटी लेखकाला वर बोलावतातच. प्रेक्षागृहातून मंचावर चढणाऱ्या बाजूच्या पायऱ्यांना बहुधा कठडा नसतो, त्यामुळे शेवटच्या प्रवेशाच्या आधीच मागच्या दारानं विंगेत जाऊन खुर्चीवर बसावं. तिथे वायरी, सेटला टेकू देणारे ब्रेस, अंधार. बॅकस्टेजच्या मुलाला आधी सांगून ठेवायचं: "बाळा, टॉर्च माझ्या पायांपुढे धर, तोंडावर नको."