तुम्ही विचारलंत म्हणून: 'पोइश' म्हणजे हो की नाही?

पोर्तुगीज शिकणारे हे हमखास विचारतात. कोशात 'पोइश'समोर 'कारण' आणि 'म्हणून' असे अर्थ दिलेले, आणि लिस्बनचा माणूस तर फोनवर नुसतं 'पोइश… पोइश…' करत असतो. तिथे कारणबिरण काही नसतं, तो हुंकार आहे: ऐकतोय, बोला पुढे. त्याला होकार समजून व्यवहार पक्का धरू नका. लागोपाठ दोनदा, जरा ओढून 'पोइश, पोइश' आलं, तर बहुधा 'कळलं हो, पुरे' असाच सूर असतो.

सगळ्यात उपयोगी जोडी 'पोइश ए', म्हणजे आपलं 'हो ना'. म्हणताना मात्र जोडून 'पोयझे', त्यातला झ 'माझा'मधला. पोर्तुगालमध्ये समोरच्याचं क्रियापदही उचलतात. 'फोइ बों' (छान झालं) असं कुणी म्हटलं की उत्तर 'पोइश फोइ', झालं ना!

गोंधळ होतो तो 'पोइश नाउँ'मुळे. ('न'च्या आधी हा श घोष होतो, म्हणजे घशात कंप ठेवून उच्चारतात; मराठीत त्याला अक्षर नाही.) पोर्तुगालमध्ये 'तो आला नाही' यावर 'पोइश नाउँ' म्हणजे 'नाही ना', सरळ दुजोरा. नकारार्थी वाक्याच्या शेवटी लावलं की प्रश्न होतो: 'तू येणार नाहीस, ना?' ब्राझीलमध्ये मात्र दुकानात शिरलात की विक्रेता विचारतो, 'पोइस नाउँ?' म्हणजे 'बोला, काय हवंय?' 'आत येऊ का?' यावर हेच उत्तर मिळालं तर बेलाशक आत जा. त्याचा अर्थ 'या की!' शब्दात 'नाही' ऐकून दारातून परत फिरणारे नवशिके पुष्कळ.

उलट 'पोइश सीं'मध्ये 'हो' आहे, पण बोलताना ते बहुतेक वेळा टोमणा असतं. 'उद्या नक्की पैसे देतो' यावर 'पोइश सीं' म्हणजे 'हो, देतोयस!' विनंतीला होकार द्यायला ते वापरू नका.

आता कोशातले अर्थ. 'कारण' या अर्थी ते स्वल्पविरामानंतर, दुसऱ्या वाक्याच्या तोंडाशी येतं: बाहेर पडलो नाही, 'पोइश' पाऊस होता. पण कुणी 'का?' विचारलं तर उत्तर 'पोइश'ने सुरू होत नाही, तिथे 'पुर्क' लागतं. 'म्हणून' या अर्थी ते क्रियापदानंतर, दोन स्वल्पविरामांच्या मध्ये बसतं. ही लेखी भाषा. चहा पिताना तसं बोललात तर परिपत्रक वाचताय असं वाटेल.