सवाईची पिशवी

डिसेंबर लागला की आमच्या घरी माळ्यावरून एक खाकी कापडी पिशवी खाली येते. तिचा उपयोग वर्षातून एकदाच, चार-पाच दिवसांपुरता असतो, आणि म्हणूनच घरात तिला ‘सवाईची पिशवी’ असे नाव पडले आहे. सवाई म्हणजे पुण्यात दर डिसेंबरात होणारा शास्त्रीय संगीताचा उत्सव. ‘सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव’ हे त्याचे पूर्ण नाव पुण्यात पत्रिकेवर वाचायचे असते. बोलताना ‘यंदा सवाईला आहात ना?’ एवढ्यावर काम भागते. तर या सवाईला जाताना पिशवीत काय घ्यावे, हा वरवर किरकोळ वाटणारा प्रश्न गेली तीस वर्षे दर डिसेंबरात माझ्यापुढे येतो, आणि इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरही पिशवीचे तोंड बांधताना काहीतरी राहिले आहे ही शंका काही जात नाही.

अडचण अशी की एकाच पिशवीत दोन ऋतू भरायचे असतात. मैफल दुपारी सुरू होते तेव्हा पुण्याचे ऊन चांगले चटका देत असते आणि मंडपाच्या कडेला जागा मिळालेल्यांना भीमपलास किंवा मुलतानी हे दुपारचे राग ऐकताना कपाळावर रुमाल धरावा लागतो. मारवा, श्री, पूरिया या संध्याकाळच्या रागांची वेळ होते तोवर स्वेटर बाहेर निघतात, आणि रात्रीच्या शेवटच्या कलाकाराचा तंबोरा लागेपर्यंत दुपारी ज्यांनी घाम पुसला तीच मंडळी कानटोपीत शिरलेली असतात. मंडपाला छत असले तरी बाजू मोकळ्याच असतात. त्यामुळे उन्हाची टोपी आणि कानटोपी, पाण्याची बाटली आणि चहाचा थर्मास या जोड्या एकमेकींना कोपर मारत शेजारी शेजारी बसतात.

खुर्चीवर बसणाऱ्यांचे सामान वेगळे. मी भारतीय बैठकीतला आहे, म्हणून बैठकीपुरतेच बोलतो. थंडी वरून येते हा नवशिक्याचा समज असतो. मैदानावरची थंडी जाजमातून वर चढते आणि मांडी घालून बसलेल्या माणसाला आधी गुडघ्यांत गाठते. खांद्यावरची भारी शाल तिथे काही कामाची नाही; त्याऐवजी चार घड्या घातलेली जुनी सतरंजी बुडाखाली असलेली बरी. अलीकडे पाठीला टेका देणाऱ्या, जमिनीवर मांडायच्या घडीच्या खुर्च्या निघाल्या आहेत. पन्नाशीपर्यंत मी त्यांच्याकडे तुच्छतेने पाहत असे. त्यानंतर एक विकत घेतली, आणि त्या तुच्छतेबद्दल घरात कोणी काही बोलले नाही, हे घरच्यांचे मोठेपण.

आमच्या आजोबांची पिशवी नव्हतीच, वळकटी होती. भीमसेन जोशी यांनी आपले गुरू रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, यांच्या स्मृतीसाठी १९५३ साली हा उत्सव सुरू केला, आणि त्यानंतर कित्येक दशके तो रात्रभर चालत असे. रमणबागेच्या मैदानावर जाताना आजोबांच्या काखेत गादीपाटाची वळकटी, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात मी, अशी आमची वरात निघे. माझ्या वाट्याला रात्रीचा राग दरबारी कधी पूर्ण आला नाही, कारण त्या सुमारास मी वळकटीत झोपलेलो असे. पण पहाटे आजोबा हलवून उठवत, आणि डोळे चोळत मी भीमसेनजींचे समारोपाचे गाणे ऐके. थर्मासमधला शेवटचा, कोमटसर, धातूची चव आलेला चहा त्या गाण्याला कायमचा चिकटून राहिला आहे.

पुढे ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक नको, आणि वर्षातल्या मोजक्या दिवशी सवलत मिळाली तर मध्यरात्रीपर्यंत, असा कायदा झाला. मैदानाभोवतीच्या घरांतही आजारी माणसे आणि परीक्षेची मुले असतात, तेव्हा नियमाशी माझे भांडण नाही. पण त्या नियमाने आमची वळकटी गेली, आणि वळकटीबरोबर रात्रीच्या मैफलीतून ललत आणि भैरव हे पहाटेचे रागही गेले. २०१८ साली उत्सव रमणबागेतून मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर आला. आता मैफल आटोपून घरच्या अंथरुणात झोपता येते, आणि सामान एका पिशवीत मावते.

ही पिशवी शिवण्याचे कारण मात्र थंडीही नाही आणि नियमही नाही. त्याचे कारण चिवडा.

त्या वर्षी माझ्याकडे चेनची, कप्प्याकप्प्यांची, दिसायला अगदी टापटीप अशी बॅग होती. विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल सुरू होता. गायक षड्जाच्या, म्हणजे ‘सा’च्या, अलीकडे, निषादावर, येऊन थांबले होते. पुढच्या क्षणी षड्ज लागणार हे हजारो माणसांना ठाऊक होते आणि म्हणूनच कोणी श्वास सोडत नव्हते. नेमक्या त्या क्षणी मला भूक लागली. मी चेन ओढली, ती कर्र करत उघडली. आत चिवड्याची प्लास्टिकची पिशवी होती, ती हाताला लागताच चुरचुरू लागली. घाबरून हात मागे घेतला, तर कप्प्याचा चिकटपट्टा टर्रकन सुटला. शेजारच्या नऊवारीतल्या आजींनी मान वळवली. त्या काही बोलल्या नाहीत. नुसते पाहिले, आणि पुन्हा मान स्वरमंचाकडे फिरवली. षड्ज केव्हा लागला ते मला कळले नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याने जुन्या खाकी पडद्याची एक पिशवी शिवून दिली; तिला चेन नाही, गुंडी नाही, केवळ सुती नाडी आहे. तेव्हापासून पिशवीत काय घ्यावे याचा निकष एकच राहिला: वस्तू वाजते का? निघण्याच्या आदल्या रात्री सगळे निजल्यावर मी दिवाणखान्यात एकेक वस्तू उघडून, बंद करून पाहतो. या परीक्षेत स्टीलचा डबा नापास होतो, कारण त्याचे झाकण निघताना झांजेसारखे वाजते. खटक्याचे पेन नापास, पेन्सिल पास. किल्ल्यांचा जुडगा रुमालात गुंडाळला तर काठावर पास. खोकल्याच्या गोळ्यांचे चांदीसारखे कागद हा तर खोकल्यापेक्षाही मोठा उपद्रव आहे, कारण खोकला एकदा येऊन जातो आणि कागद मात्र आवाज होऊ नये म्हणून सावकाश, पाऊण मिनिट सोलला जातो. म्हणून खडीसाखर आणि ज्येष्ठमधाचे तुकडे घरूनच एका लाकडी डबीत काढून ठेवतो. डबी फिरवून उघडते, आणि ती मुद्दाम मोठी घेतली आहे; मागच्या रांगेत कोणाला ढास लागली की न बोलता हात मागे करता येतो.

खाण्याचेही तेच. चिवडा, चकली, शेव ही मंडळी कुरकुरीत असल्यामुळे बाद. सध्या दशम्यांना पर्याय नाही. दुधात भिजवलेली, मऊ, दुसऱ्या दिवशीही न कडक होणारी दशमी लोण्याबरोबर गुंडाळी करून सुती फडक्यात बांधली की एका हाताने, मान न वळवता आणि शेजाऱ्याला पत्ता लागू न देता खाता येते. लसणाची चटणी मात्र नको. तिला आवाज नसला तरी ती चार रांगांपर्यंत पोचते. मैदानाच्या कडेला बटाटेवडे, चहा वगैरे असतेच, पण मध्यंतरात तिथली रांग पाहिल्यावर पुढच्या कलाकाराचा निम्मा आलाप रांगेतच ऐकावा लागेल, हे उघड होते.

ही सगळी यातायात करताना मला नेहमी वाटते की पलीकडे, मंडपामागच्या खोलीतही कोणीतरी असेच सामान सोडत असेल. तंबोऱ्याला गवसणी असते, ती आपल्या शालीइतकीच गरजेची. हवा गार झाली की पोलादी तारा आवळतात आणि सूर चढू लागतो. दव पडू लागले की तबल्याची पुडी, म्हणजे वरचे कातडे, सैलावते, आणि हातोडी बाजूच्या लाकडी गठ्ठ्यांवर टकटकू लागते. जवारीचा (तंबोऱ्याच्या तारेखाली सरकवायचा) दोरा, जादा तारा, पावडरीचा डबा, गरम पाण्याची बाटली हे त्यांचे सामान. दोन कलाकारांमधल्या त्या लांबलेल्या जुळवाजुळवीत काही श्रोते चुळबुळतात. मी मात्र तेवढ्यात पिशवीची नाडी सोडून स्वेटर काढून घेतो, कारण हातोडी वाजत असताना माझे काय वाजले ते कोणाला ऐकू येणार?

शेवटून दुसरी वस्तू म्हणजे वही. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. तीत तारीख, कलाकार, राग, ताल आणि एखादा शेरा एवढेच असते. निवेदकाने नाव सांगण्याआधी राग लिहायचा हा माझा स्वतःशीच खेळ आहे. शुद्ध कल्याण आणि भूप यांच्यात मी अजूनही दर दोन वर्षांनी एकदा फसतो, आणि ती खाडाखोड तशीच ठेवतो. शेवटची वस्तू म्हणजे चपलांसाठी वेगळी कापडी पिशवी. तिच्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही, पण ती विसरल्यास रात्री दहा वाजता हजारो चपलांतून आपला जोड शोधताना बरेच काही सांगण्यासारखे घडते.

शेवटच्या दिवशी सांगतेला सवाई गंधर्वांच्या आवाजातील भैरवीचे जुने ध्वनिमुद्रण ऐकवतात. त्या खरखरत्या तबकडीपुढे सगळा मंडप निश्चल असतो. ती संपते, काही क्षण कोणी हलत नाही, आणि मग एकदम चहूबाजूंनी चेनी कर्र करतात, चिकटपट्टे टर्रकन सुटतात, डब्यांची झाकणे वाजतात, खुर्च्यांच्या घड्या खटाखट मिटतात. मी सतरंजीची घडी घालतो, वही तिच्यात सरकवतो आणि नाडी ओढतो.