हत्तीच्या जागी कांडी

अण्णांच्या बुद्धिबळाच्या पटावर पांढरा हत्ती एकच होता. दुसऱ्याच्या जागी ते मागावरची रिकामी कांडी उभी करायचे. लाकडी, एका टोकाला तेलानं काळवंडलेली. तिच्यावर सुताचे दोन-चार फेरे राहिले होते, ते त्यांनी कधी सोडवले नाहीत. मी बारा वर्षांचा असताना त्यांच्याशी पहिला डाव खेळलो, आणि त्या कांडीनंच मला मात बसली.

सध्या मी अण्णांचं चरित्र लिहितोय. चाळीसेक पानांची पुस्तिका, वर्षश्राद्धाला वाटायची. परवा अक्काचा, त्यांच्या थोरल्या मुलीचा फोन आला. "दादा, तेवढं डोक्याचं नको लिहूस. लोकांना त्यांचे डाव आठवू देत." मी होही म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. तेव्हापासून हात अडलाय, म्हणून आधी इथे लिहितो.

अण्णा सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग चालते ठेवणारे मिस्त्री. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. रात्रपाळी करून आले की कडक भाकरी चुरून शेंगाचटणीशी खायची, की लगेच पट. त्यांचा देव एकच, अमेरिकेचा बुद्धिबळपटू बॉबी फिशर. १९७२ साली आइसलंडमधल्या रेक्याविकला फिशर आणि तेव्हाचा रशियन जगज्जेता स्पास्की किताबासाठी खेळत होते, तेव्हा अण्णा रोज वाचनालयात जाऊन इंग्रजी पेपरातल्या खेळ्या वहीत उतरवून आणायचे. तेव्हाच्या पद्धतीनं, 'पी-के फोर' असं, म्हणजे राजासमोरचं प्यादं चौथ्या घरात. ती वही आता माझ्याकडे आहे.

पहिल्या डावात फिशरचा उंट एच-२ वरचं प्यादं खायला गेला आणि अडकला. डाव गेला. कॅमेऱ्यांचा त्रास होतो म्हणून दुसऱ्या डावाला तो आलाच नाही. दोन-शून्य. तिसरा डाव प्रेक्षकांपासून दूर, मागच्या एका खोलीत झाला आणि तो त्यानं जिंकला. स्पास्कीला त्यानं हरवलं ते आयुष्यात पहिल्यांदाच. पुढे साडेबारा-साडेआठनं जगज्जेता झाला. सहावा डाव संपला तेव्हा हरलेल्या स्पास्कीनंही टाळ्या वाजवल्या होत्या. पण अण्णा नेहमी थांबायचे ते मागच्या खोलीपाशी. म्हणायचे, "त्याला आवाज लागायचा बे. लोकांना वाटतं नाटक."

अण्णांनाही लागायचा. शंभर मागांच्या खडखडाटात ते आठ-आठ तास उभे राहायचे, त्याचं काही नाही. पण पटाजवळ कुणी कुजबुजलं की त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. एका स्पर्धेत डोक्यावरचा पंखा करकरत होता. तो बंद करा म्हणाले. मे महिना, सोलापूरचं ऊन. कोण बंद करणार? अण्णा उठून गेले. डावाचं घड्याळ चालू राहिलं. त्या डावात ते वरचढ होते, मी स्वतः बघत होतो. त्यानंतर ते कुठल्याही स्पर्धेला गेले नाहीत.

पुढे चहात कुणीतरी काहीतरी घालतंय असं त्यांना वाटू लागलं. खिडक्यांना त्यांनी गोणपाट ठोकलं. गोळ्या चार महिने घेतल्या आणि सोडल्या. आम्ही पोरं तरीही जायचो, पण जायचो ते अडलेला डाव घेऊन. उत्तर मिळालं की घरी.

१९९६ च्या पावसाळ्यात एका रात्री अकराला ते माझ्या दारात आले. पायात चप्पल नव्हती. "आज इथं झोपू का बे?" मी म्हणालो, पाहुणे आलेत. घरात कुणीही पाहुणे नव्हते. पुस्तिकेत हे जाणार आहे. अक्काला हे ठाऊक नाही.

फ्रँक ब्रॅडी फिशरला तो लहान असल्यापासून ओळखायचे. १९६५ साली त्यांनी त्याचं चरित्र लिहिलं, तेव्हा फिशर जेमतेम बाविशीचा. तो गेल्यावर २०११ साली पुन्हा लिहिलं. मधल्या काळात काय काय झालं होतं! १९७५ ला न खेळताच जगज्जेतेपद गेलं. १९९२ ला युगोस्लाव्हियात खेळू नकोस, असा अमेरिकी सरकारचा आदेश आला, त्यावर तो पत्रकारांसमोर थुंकला. आई ज्यू, आणि हा ज्यूंबद्दल गरळ ओकत राहिला. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याचं रेडिओवर स्वागत केलं. ते लिहायला जिवावर आलं असेल, पण ब्रॅडींनी लिहिलं. अण्णांनी तर कुणाचं वाईट केलं नाही, ते फक्त घाबरले होते. ते लपवायचं म्हणजे त्यांनी लाज वाटण्यासारखं काही केलं होतं असं म्हणण्यासारखंच आहे, आणि मला ते कबूल नाही.

१७ जानेवारी २००८ ला फिशर रेक्याविकमध्ये वारला. वय ६४. इकडे सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरली होती. बातमी सांगायला मी अण्णांकडे गेलो. ते काही बोलले नाहीत. पट काढला आणि १९५६ चा डोनाल्ड बर्नविरुद्धचा डाव मांडला, फिशर तेरा वर्षांचा असतानाचा. वही न उघडता. सतराव्या खेळीला काळ्यानं, म्हणजे फिशरनं, वजीर सोडून दिला, तिथे ते मिनिटभर थांबले, मग पुढे निघाले. पांढऱ्याच्या कोपऱ्यात ती कांडी होती. त्या डावात तो हत्ती अठ्ठाविसाव्या खेळीपर्यंत जागचा हलत नाही, आणि हलला की लगेच मारला जातो. अण्णांनी कांडी उचलली, पण डब्यात टाकली नाही. मुठीत धरून बसले.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "शेवटी त्याच्याजवळ कोण होतं बे?"

मला तेव्हा सांगता आलं नाही. पुढे वाचनात आलं, की मॅग्नूस स्कूलासन नावाचा एक मनोविकारतज्ज्ञ मित्र त्याच्या उशाशी बसून असायचा. अण्णा तेव्हा हयात होते. माझं घर तिथून दहा मिनिटांवर. ते सांगायला मी गेलो नाही.

हे पान लिहून ठेवलंय. रविवारी अक्काकडे जाऊन तिला वाचून दाखवणार आहे.